दाजींचा रंगीत प्रिंटर

सांगली,
३ ऑगस्ट १९९८

चि. सौमित्र,

सोबत राखी आहे. निवडली तुझ्या ताईनं, पण पाकीट मी चिकटवलंय, तेव्हा ओवाळणीत माझाही वाटा धर.

आता मुख्य बातमी. मिरजेच्या आपल्या लॅबमध्ये रंगीत प्रिंटर आला. तुझी ताई म्हणत होती, "सौमित्र गणपतीला येणारच आहे, तो बसवून देईल." मी म्हटलं, जो माणूस रोज रक्तातल्या पेशी मोजतो त्याला एक खोकं भिंतीपाशी मांडता येणार नाही? गेल्या सोमवारी दुपारी पेशंट नव्हते. फ्लॉप्या घातल्या आणि पुढच्या काउंटरचा कॉम्प्युटर, आतले दोन, सगळीकडे बसवून टाकला. आता कुठूनही रंगीत छापता येतं. मध्येच ते विचारत होतं, अमुक फाइल इथं आधीपासून आहे, तिच्यावर ही घालू का? दारात आलेल्या पाहुण्याला आपण नाही म्हणत नाही. मी 'हो' म्हटलं. आता आमच्या कागदावर लॅबचं नाव निळं, पत्ता हिरवा आणि माझी पदवी लाल. तुझी ताई म्हणते, बँडवाल्याचं कार्ड वाटतं.

एक बारीक तक्रार. रिपोर्ट काढायचा आपला जुना खडखड्या प्रिंटर रुसलाय. काउंटरवरून छापलं की अधूनमधून टिंबं गाळतो. मी रिबन बदलली. पिना झिजल्या असतील, नाहीतर शेजारी रंगीत येऊन बसल्याचा राग असेल. तुमच्या पंपाच्या कंपनीतले सगळे कॉम्प्युटर तुझ्या तालावर चालतात, असं तूच दिवाळीत श्रीखंड खाताना सांगितलं होतंस. तेव्हा उपाय कळव. पण फोन करू नकोस. फोनवर तू इतकं भराभर बोलतोस की मी नुसता "हं, हं" करतो आणि ठेवल्यावर काही आठवत नाही. लिहून पाठव, म्हणजे कागद शेजारी ठेवून करता येईल.

तुझा एकुलता एक दाजी,
अवधूत

ता. क. आतल्या दोन कॉम्प्युटरवर मी बसवलाय. हे खुर्चीत बसून चहा पीत सूचना देत होते. राखी पोचल्याचं कळव. — चारुताई


सातारा,
६ ऑगस्ट १९९८

ती. दाजी,

राखी पोचली. ओवाळणी ताईला मिळेल. तुमच्या वाट्याला हे पत्र.

तुमचा खडखड्या रुसलेला नाही, त्याला बिचाऱ्याला उपाशी ठेवलंय. प्रत्येक प्रिंटरला चालवायला कॉम्प्युटरमध्ये त्याचा ड्रायव्हर लागतो. पण तुमच्या दोन्ही प्रिंटरांच्या ड्रायव्हरांत एक फाइल सामायिक असणार. अक्षर कागदावर कसं उतरवायचं, हे दोघंही त्या एकाच फाइलीला विचारतात. अशा फाइलीला व्हर्जनचा आकडा असतो आणि तारीख असते. तुमचा रंगीत दिसायला नवा, पण दुकानात पडून होता बहुतेक. त्याच्या फ्लॉपीवरची फाइल तुमच्याकडच्यापेक्षा जुनी. तुम्ही उदारपणे 'हो' म्हणालात आणि ती नवीच्या जागी जाऊन बसली. रंगीतचं तेवढ्यावर भागतं. खडखड्याला जे हवंय ते तिच्यात नाहीच.

हसत नाही मी. म्हणजे हसतोय, पण आमच्याकडेही झालंय हे. विक्री खात्यातल्या नाथाजीरावांनी मला न विचारता आपल्या टेबलावर नवा प्रिंटर बसवला आणि पंपांच्या खोक्यांवर लावायच्या लेबलवरचा 'ही बाजू वर' म्हणणारा बाण आडवा पडला. निम्मे पंप कोइमतूरला झोपून गेले. तेव्हापासून मी नियमच केलाय. चांगल्या फाइलीची एक फ्लॉपी माझ्या कपाटात कुलूपबंद, सगळ्या कॉम्प्युटरवर एकच व्हर्जन, आणि मला विचारल्याशिवाय कुणी काही बसवायचं नाही. मला ऑफिसात 'हवालदार' म्हणतात.

टिंबं म्हणजे अनुस्वार ना? म्हणजे सध्या तुम्ही 'सागली'त राहता आणि मी 'पपा'च्या कंपनीत नोकरी करतो. सागलीकरांनी गणपतीपर्यंत कळ काढावी. येताना फ्लॉपी आणतो. तोवर तुम्ही कशालाही 'हो' म्हणू नका. ताई काही विचारील त्याला सोडून.

तुमचा हवालदार,
सौमित्र


(पोस्टकार्ड)
सांगली, १० ऑगस्ट

सौमित्र, पत्र पोचलं. प्रिंटर ठीक आहे. तू मुद्दाम येण्याची गरज नाही. गणपतीत कामं असतील तर तीही बघ. पाऊस बरा आहे. — अवधूत


सांगली,
११ ऑगस्ट १९९८

प्रिय सौमित्र,

काल यांनी तुला कार्ड टाकलं. मी पत्ता लिहायच्या निमित्तानं वाचलं. त्यातलं पाऊस बरा आहे एवढंच खरं.

टिंबं अनुस्वाराची नाहीत रे. आकड्यांतली आहेत. दशांशचिन्हं.

तुला माहीत आहे, आमचे बहुतेक रिपोर्ट आतून निघतात. पण गर्दी असली आणि खेड्यातल्या कुणाला एसटी गाठायची असली की पुढच्या काउंटरवरून काढून देतात. घाई नको म्हणून हे कागदांवर सह्या आधीच करून ठेवतात. गेल्या आठवड्यात विट्याकडचे भाऊसो म्हणून एक गृहस्थ हर्नियाच्या ऑपरेशनआधीची तपासणी करून गेले. मूत्रपिंडाची तपासणी असते, तिचा आकडा होता १.१, अगदी चांगला. कागदावर छापला गेला ११. गावच्या डॉक्टरांनी तो बघून डोक्याला हात लावला. भाऊसोंचा मुलगा कृष्णात कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतो. दुकान बंद करून तो रेल्वेनं मिरजेला उतरला आणि थेट स्टेशनवरून लॅबमध्ये आला. म्हणाला, "डॉक्टर, एक किडनी माजी काढून बाला लावा. पर लवकर करा."

भाऊसो मागे उभे. ते म्हणाले, "आवं, मी सकाळी तीन भाकऱ्या खाऊन दोन सऱ्या उसात खुरपून आलोय. मला काय बी हुईत न्हाई. ह्यो ऐकंना."

हे म्हणाले, "आमचं मशीन चुकत नाही." तरी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा १.१. मग यांनी कॉम्प्युटरवर जुना रिपोर्ट उघडला. पडद्यावर टिंब आहे, कागदावर नाही. सौमित्र, मी लग्नानंतर इतक्या वर्षांत यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. पण तोंडातून काय निघालं माहीत आहे? "दुसऱ्यांदा नॉर्मल आलंय, काळजी करू नका." एवढंच. ती दोघं हात जोडून गेली.

काल रात्रीपासून आमचं भांडण चालू आहे. मी म्हणते, या दोन आठवड्यांत काउंटरवरून ज्यांना ज्यांना रिपोर्ट गेले त्या सगळ्यांना सांगायचं. हे म्हणतात, "इतका वेडावाकडा आकडा असला तर कुठल्याही डॉक्टरला कळेलच. आपण होऊन सांगितलं तर उद्या कुणी पेशंट पाठवणार नाही." आणि मग ताटावरून उठून जातात. आणि मला एकच भीती आहे. जो आकडा वेडावाकडा दिसत नसेल त्याचं काय?

तू यांना रागावून एक पत्र लिही.

ताई


सातारा,
१३ ऑगस्ट १९९८

दाजी,

'सागली'चा विनोद मी परत घेतो. नीट न विचारता लिहिला. टिंब कसलं, एवढं एक विचारलं असतं तर चार-पाच दिवस वाचले असते.

ऑडिट चालू आहे, मला सोडत नाहीत. नाहीतर आज रात्रीच्या गाडीत असतो. ही फ्लॉपी एसटी पार्सलनं पाठवतोय. कंडक्टर सांगली स्टँडवर पार्सल खिडकीत देईल. पण फ्लॉपी हातात पडली की लगेच घालू नका. आधी हे वाचा.

तीनही कॉम्प्युटरवर ती फाइल शोधा. नाव फ्लॉपीवरच्या चिठ्ठीत आहे. तिच्यावर उजवं बटण दाबा, व्हर्जन आणि तारीख बघा, कुठल्या मशीनवर कुठली आहे ते लिहून घ्या. तुम्ही लगेच चांगली फाइल घातलीत तर खडखड्या सुधारेल, पण कुठलं मशीन बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. मग तुम्हाला सगळ्यांनाच शोधत बसावं लागेल, किंवा कुणालाच नाही. तुम्हाला दुसरं सोपं वाटेल म्हणून सांगतोय. मगच घाला. मग प्रत्येक मशीनवरून टिंब असलेला एक आकडा छापा आणि स्वतः डोळ्यांनी बघा.

पेशंटना सांगायचं की नाही, हे मी लहान तोंडानं बोलू नये. पण एक आठवण काढतो. ताईसाठी तुमचं स्थळ आलं तेव्हा आमच्या आप्पांनी मिरजेत चार ठिकाणी तुमची चौकशी केली होती. चौघांनीही एकच सांगितलं होतं, पोरगं बोलतं जास्त, पण रिपोर्ट खोटा देत नाही. आप्पांनी पहिल्या निम्म्याकडे दुर्लक्ष केलं.

तुमचा,
सौमित्र


सांगली,
२१ ऑगस्ट १९९८

प्रिय सौमित्र,

रागावलेलं पत्र मिळालं. तू रागावलास तरी चिमटा काढतोसच, त्यामुळे नीट वाईटही वाटून घेता येत नाही.

फ्लॉपी आली त्या दिवशी मी दोन तास तिन्ही मशीनपुढे बसलो. आतल्या दोन्हींवर फाइल सत्याण्णवची, काउंटरच्या मशीनवर पंच्याण्णवची. मला कळेना. तिन्हींवर एकाच फ्लॉपीनं बसवलं होतं. चारूला विचारलं. ती म्हणाली, "मला पण विचारलं होतं, आधीची आहे, तिच्यावर घालू का. मी 'नको' म्हटलं. जे नीट चाललंय ते मी कशाला काढू?" इतकं सरळ बोलली की मला भांडायलाही जागा राहिली नाही. म्हणजे माझ्या चहाच्या कपानं आतली दोन मशीनं वाचवली. हे तू साताऱ्यात कुणाला सांगू नकोस.

तर फक्त काउंटर. तिथून गेलेले रिपोर्ट आम्ही दोघांनी पडद्यावर एकेक उघडले. तुझ्या ताईची शंका खरी निघाली. बहुतेक आकडे टिंबाशिवाय हास्यास्पद दिसत होते. एक दिसत नव्हता. शिवांजली नावाची मुलगी, पहिलं बाळंतपण, नववा महिना, तासगावच्या पुढे माहेरी आलेली. तिचं हिमोग्लोबिन होतं ६.४. कागदावर गेलं ६४. आमच्याकडचे जुने डॉक्टर अजून टक्क्यांत बोलतात. त्यांनी चौसष्ट टक्के वाचलं, खेड्यातल्या बाईला एवढं असतंच म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. सौमित्र, सहा पूर्णांक चार घेऊन ती बाळंत झाली असती आणि थोडा जास्त रक्तस्राव झाला असता, तर पुढचं मी लिहीत नाही.

माझे सगळे मुद्दे तिथंच संपले. मी स्कूटर काढली. चारू न विचारता मागे बसली.

तिची आई चंद्राबाई गोठ्यात वैरण टाकत होती. मी वाटेत बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, "तुमच्या मुलीच्या रक्ताचा आकडा आमच्याकडून चुकीचा छापला गेला. मधलं टिंब पडलं. रक्त फार कमी आहे. आजच मिरजेला न्यायला पाहिजे. चूक माझी आहे."

तिनं वैरण खाली ठेवली. "टिंब?"

"हो."

"कुकवाएवढं टिंब? आन् त्येच्यापायी माझी लेक जायाची हुती?" मग ती जे बोलली ते मी लिहीत नाही, पण त्यातलं काही चुकीचं नव्हतं. तिचा मुलगा जयराज सैन्यात आहे, रजेवर आलेला. तो माझ्या अंगावर आला तेव्हा चारू मध्ये झाली. तो थांबला आणि आईला म्हणाला, "आये, भांडान मागनं. आदी वडाप बघतो." आणि पळत सुटला. त्या वडापच्या जीपमध्ये शिवांजलीला घेऊन आम्ही मिरजेला आलो. त्याचा आणि बहिणीचा रक्तगट जुळला. पहिली बाटली त्याचीच. दोन दिवसांत हळूहळू रक्त चढवलं. आता आकडा दहाच्या जवळ आहे. टिंबासकट.

मग विट्याला गेलो. भाऊसोंना खरं काय झालं ते सांगितलं. कृष्णात लालबुंद झाला. "माज्या बायकूनं तिकडं देव पाण्यात घातल्यात, डॉक्टर!" भाऊसोंनी त्याला हातानं गप्प केलं. "आवं, आसू द्या. पोरगं दोन वर्सं घरला फिरकलं न्हवतं. तुमच्या टिंबानं वडून आणलं." आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

बाकीच्यांनाही सांगून झालं. कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. दोन डॉक्टरांनी आमच्याकडे पेशंट पाठवणं बंद केलंय. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. आता सही मी छापल्यानंतर करतो, आकडा वाचून. खुर्ची काउंटरवर हलवली आहे.

गणपतीला नक्की ये.

अवधूत


सातारा,
२ सप्टेंबर १९९८

ती. दाजी आणि ताई,

सुखरूप पोचलो. मोदकांचा डबा कराडपर्यंत टिकला.

तीन मशीनं बघून आलो, तुमची व्हर्जनं आमच्या कंपनीपेक्षा नीट आहेत. चांगल्या फाइलीची फ्लॉपी ताईनं देवघरामागच्या कपाटात ठेवलीय आणि किल्ली तिच्याकडे आहे, हे मला सर्वांत आवडलं. रंगीत प्रिंटरची नवी फ्लॉपी मी आणली होती, तीही ताईनंच बसवली. तुम्ही चहा पीत होतात. या व्यवस्थेत बदल करू नये असं माझं तज्ज्ञ म्हणून मत आहे.

एक मात्र सांगतो. काउंटरवर बसून तुम्ही एकेक रिपोर्ट बोट लावून वाचत होतात आणि बाकावर माणसं कमी होती, ते मी पाहिलं. माणसं येतील, दाजी. मी काही ज्योतिषी नाही, पण येतील.

शिवांजलीचं काही कळलं की लगेच लिहा. ऑफिसात नाथाजीरावसुद्धा विचारतात. तुमची गोष्ट सांगितल्यापासून ते माझ्याकडे विचारायला येऊ लागलेत. परवा टेबलावरचा पंखा लावू का विचारायला आले होते.

सौमित्र


सांगली,
२० सप्टेंबर १९९८

प्रिय सौमित्र,

शिवांजली बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. रक्तस्राव झाला, पण पेलण्याएवढा. मला हे मिरजेच्या डॉक्टरांकडून कळलं. चंद्राबाईनं काही कळवलं नव्हतं, आणि तिनं कळवावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

काल सकाळी ती लॅबमध्ये आली. पदराखाली नात. बाळ पिवळं दिसत होतं, डॉक्टरांनी कावीळ तपासायला सांगितली होती. मी उभा राहिलो. ती बाकावर न बसता सरळ काउंटरपाशी आली.

मी म्हटलं, "मावशी, तासगावातही लॅब आहे. ओल्या बाळंतिणीचं पोर घेऊन एवढ्या लांब कशाला आलात?"

"तितं बी चुकत आसतील की," ती म्हणाली. "पर दारात येऊन सांगंल का कोन? तुमी सांगताय, येवढं म्हाईत हाय. घ्या रगात."

चारूनं बाळ हातात घेतलं. टाचेतून रक्त मी स्वतः घेतलं. बाळानं मिरज स्टेशनपर्यंत ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. रिपोर्ट छापला, वाचला, सही केली. काविळीचा आकडा ९.२, पहिल्या आठवड्यात एवढं असतं, उतरेल. चंद्राबाईनं कागद डोळ्यांजवळ धरला. तिला वाचता येत नाही.

"टिंब कुटं हाय, दावा."

मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "लय बारीक हाय की वो. मोटं काढायला काय हुतंय तुमास्नी?"

इतक्यात चारूनं बाळ माझ्याकडे दिलं आणि त्यानं माझ्या पांढऱ्या कोटावर मनसोक्त कार्यक्रम उरकला. त्या बाईला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, थांबेचना. बाकावरचे चौघंही हसले. होय, चौघं होते. तुझी ताई आतून टॉवेल आणायला गेली आणि बऱ्याच वेळानं आली. डोळे पुसून आली होती, पण मला म्हणाली, "हसून हसून पाणी आलं." मी तिला 'हो' म्हटलं.

अवधूत